अमेरिकेतील बास्क आणि बर्मी समाजांच्या आर्थिक स्थितीची तुलना कशी करावी?

माळरान (धागाकर्ता)

आयडाहो राज्याची राजधानी असलेल्या बॉयसी शहरात राहायला येऊन मला अकरा वर्षे होत आली. शहराच्या मध्यभागी ग्रोव्ह स्ट्रीटचा एक तुकडा ‘बास्क ब्लॉक’ म्हणून ओळखला जातो. बास्क म्हणजे स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवरील प्रदेशातून आलेले लोक. तेथे १८६४ साली बांधलेले विटांचे एक घर आहे. १९१० पासून पुढे कित्येक वर्षे त्या घरात बास्क मेंढपाळांची खाणावळ आणि राहण्याची सोय होती. आता ते बास्क संग्रहालयाचा भाग आहे. त्याच रस्त्यावर १९१४ साली बांधलेले, चेंडू खेळण्याचे बंदिस्त मैदान आहे, ज्याला ते लोक ‘फ्रोंतोन’ म्हणतात. लाकडी फळीने भिंतीवर मारलेल्या चेंडूचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत येतो. आज तेथे खेळणारी माणसे वकील, ठेकेदार, शिक्षक अशा व्यवसायांतील आहेत आणि त्यांतील अनेकांचे पणजोबा मेंढ्यांमागे चालत होते.

दर शनिवारी सकाळी मी येथील एका वाचनालयात निर्वासितांना इंग्रजी शिकवण्याच्या वर्गात मदत करतो. वर्गात काही कुटुंबे ब्रह्मदेशातील करेन आणि चिन समाजांची आहेत (चिन हा तेथीलच एक समाज, चिनी लोक नव्हेत). मागच्या महिन्यात एका करेन गृहस्थांनी घडी करून करून मऊ पडलेले एक पत्र माझ्यापुढे ठेवले. अमेरिकेत येताना काढलेल्या विमानाच्या तिकिटांचे पैसे निर्वासितांना बिनव्याजी कर्ज म्हणून दिले जातात आणि काही महिन्यांनी त्याची परतफेड सुरू होते. त्या हप्त्याचे ते पत्र होते. हे गृहस्थ रात्रपाळीत कार्यालयांची साफसफाई करतात आणि वर्गाला येतात तेव्हा त्यांची झोप झालेली नसते. आम्ही दोघांनी मिळून ते पत्र ओळीओळीने वाचले.

त्या दिवशी वर्ग संपल्यावर एका स्थानिक सहकाऱ्याने अगदी सद्भावनेने असे म्हटले की, बास्क लोकही रिकाम्या हातानेच आले होते आणि एका पिढीत कुठल्या कुठे पोहोचले, तेव्हा हेही पोहोचतील. ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. त्यातील आशा मला हवीशी वाटते, पण त्यातील हिशेब मला पटत नाही, आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

प्यू संशोधन केंद्राने २०१९ च्या आकडेवारीवरून काढलेल्या निष्कर्षांनुसार अमेरिकेतील बर्मी कुटुंबांचे मध्यक वार्षिक उत्पन्न (म्हणजे बरोबर मधल्या कुटुंबाचे उत्पन्न) ४४,४०० डॉलर होते, तर सर्व आशियाई वंशाच्या कुटुंबांचे ८५,८०० डॉलर. दारिद्र्यरेषेखाली असलेल्या बर्मी लोकांचे प्रमाण २५ टक्के होते. भारतीय वंशाच्या लोकांत ते ६ टक्के होते. आता बास्कांकडे पाहा. पीट सेनारूसा १९६७ ते २००३ अशी सलग पस्तीस वर्षे आयडाहोचे राज्यसचिव होते आणि त्यांच्यानंतर त्या पदावर आलेले बेन इसुर्साही बास्क वंशाचेच होते. डेव्ह बिटर २००४ ते २०२० अशी सोळा वर्षे बॉयसीचे महापौर होते. शेजारच्या नेवाडात एका बास्क मेंढपाळाचा मुलगा पॉल लॅक्सॉल्ट राज्यपाल झाला आणि पुढे सिनेटरही झाला. २००० च्या जनगणनेत संपूर्ण देशात स्वतःला बास्क म्हणवणारे लोक ५७,७९३ होते आणि त्यांतील सुमारे साडेसहा हजार आयडाहोत होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचा हा ठसा किती मोठा आहे ते कळते.

माझा प्रश्न असा की, या दोन समाजांना एकाच मापाने मोजता येते का, आणि येत असेल तर नेमके काय मोजायचे?

मोजपट्टी

धागा महत्त्वाचा आहे, परंतु आकडे कोठून येतात ते आधी पाहिले पाहिजे. जनगणनेत ‘बर्मी’ हा शब्द वंशाच्या प्रश्नाच्या उत्तरात, आशियाई गटांखाली येतो. ‘बास्क’ हा शब्द पूर्वजांविषयीच्या वेगळ्या प्रश्नाच्या उत्तरात माणसाने स्वतःहून लिहायचा असतो. ज्याची एक आजी बास्क, दुसरी आयरिश आणि दोन्ही आजोबा जर्मन, अशा माणसाने तेथे ‘बास्क’ लिहिले तर त्याला त्या वारशाचा अभिमान आहे असे समजावे, आणि असा अभिमान बहुधा स्थिरावलेल्या घरातच फुलतो. ज्या घरात तो वारसा विसरला गेला, ते घर मोजणीतून आपोआप गळून पडते. करेन किंवा चिन माणसाला असे गळून पडण्याची मुभा नाही. म्हणजे एका बाजूला आपण स्वतःची निवड केलेल्या नातवंडा-पणतवंडांना मोजतो आणि दुसऱ्या बाजूला नुकत्याच उतरलेल्या सर्वांना मोजतो.

दुसरी गोष्ट काळाची. २००० साली अमेरिकेत बर्मी म्हणून नोंद झालेले लोक, मिश्र वंशाचे धरूनही, १६,७२० होते. २०१० साली ते १,००,२०० झाले आणि २०१९ पर्यंत सुमारे १,८९,००० झाले. ज्या समाजाची संख्या दहा वर्षांत सहापट होते, त्याची सरासरी म्हणजे मुख्यतः नवागतांची सरासरी असते. न्याय्य तुलना करायची असेल तर आजच्या बर्मी समाजाशेजारी १९१० चा बास्क समाज ठेवावा लागेल.

पूर्वरंग

बर्मी समाजाची ती सरासरीही दोन अगदी भिन्न प्रवाहांची आहे, हे मला येथे नोंदवावेसे वाटते. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ डेली सिटीत बरीच वर्षे होते. तेथील आमचे बर्मी शेजारी चिनी वंशाचे होते. १९६२ साली जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली, दुकाने आणि कारखाने सरकारजमा झाले, १९६७ साली रंगूनमध्ये चिनी लोकांवर हल्ले झाले, आणि १९६५ च्या अमेरिकन कायद्याने आशियाई लोकांना दार उघडल्यावर डॉक्टर, अभियंते, व्यापारी अशी शिकलेली कुटुंबे येथे आली. त्यांना इंग्रजी येत होते आणि त्यांच्या पदव्यांना येथे थोडीफार किंमत होती. १९८८ च्या उठावानंतर विद्यार्थी आणि राजकीय कार्यकर्ते आले. २००६-०७ नंतर आलेले लोक यांपैकी कोणातही मोडत नाहीत. ते थायलंडच्या सीमेवरील मे ला, थाम हिन अशा छावण्यांतून आलेले करेन आणि करेन्नी आहेत, किंवा मलेशियात लपूनछपून कामे करून दिवस काढलेले चिन आहेत. छावणीत जन्मून तेथेच वीस वर्षांचा झालेला तरुण आणि रंगूनच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला डॉक्टर यांना एका रकान्यात बसवून काढलेल्या सरासरीतून दोघांपैकी कोणाचेच घर दिसत नाही.

शिवाय ‘बर्मी’ हा शब्द अनेक करेन आणि चिन लोकांना बोचतो, कारण ज्या लष्कराने त्यांची गावे जाळली त्या लष्कराची भाषा बर्मी आहे. आपणही त्यांच्याविषयी लिहिताना हे भान ठेवावे, अशी विनंती आहे.

खांडवा

मी माण तालुक्यातील धनगर कुटुंबातला आहे. माझे आजोबा मेंढरे घेऊन दरवर्षी कोकणात उतरत असत. त्यामुळे या धाग्यातील मेंढपाळांच्या प्रगतीचा भाग मला थोडा आतून कळतो आणि तो येथे सविस्तर मांडतो, कारण बास्क लोक कष्टाळू म्हणून वर आले एवढ्यावर ही गोष्ट थांबत नाही. कष्ट तर प्रत्येक मेंढपाळ करतो.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील बास्क मेंढपाळ एकटा दीड-दोन हजार मेंढ्या सांभाळत असे. आठ-दहा दिवसांतून एकदा तळावर शिधा घेऊन माणूस येई, तेवढाच काय तो माणसाचा चेहरा. एकटेपणाने कोणी भ्रमिष्ट झाला, तर त्यासाठी त्यांच्यात वेगळा शब्दच रूढ होता. डोंगरातील अॅस्पेन झाडांच्या पांढऱ्या सालीवर त्यांनी चाकूने कोरलेली नावे, गावे आणि तारखा आजही सापडतात. परंतु या एकटेपणाची एक आर्थिक बाजू होती. खाणे मालकाचे, राहणे तंबूत किंवा गाडीत, आणि खर्च करायला दुकानच जवळ नाही. त्यामुळे जवळजवळ सगळा पगार गाठीला राहत असे. पुष्कळ मेंढपाळ पगार पैशांऐवजी मेंढ्यांत घेत. ज्याने मेंढ्या पाळल्या आहेत त्याला हे लगेच समजेल: मेंढी दरवर्षी वेते, कोकरांतील माद्या राखल्या आणि पाऊसपाण्याने दगा दिला नाही, तर चार-पाच वर्षांत पगाराचा कळप होतो. आमच्याकडे अर्धलीने, म्हणजे निम्म्या वाट्यावर, जनावरे सांभाळून असेच कळप उभे राहिले आहेत.

आणि तो कळप चारायला जमीन विकत घ्यावी लागत नव्हती. नेवाडा, आयडाहो, ओरेगन येथील सरकारी कुरणे तेव्हा सर्वांना मोकळी होती. म्हणजे बास्क माणसाला मजुरीतून मालकीकडे जाण्याची जी वाट सापडली, तिच्यातील सर्वांत महागडी वस्तू, म्हणजे चारा, फुकट होती. ही वाट १९३४ साली टेलर चराई कायद्याने बंद केली. त्यानंतर कुरणाचा परवाना मिळवायला स्वतःची जमीन हवी झाली आणि माणूस नागरिक असणे, निदान नागरिकत्वासाठी त्याने अर्ज केलेला असणे, आवश्यक झाले. ज्यांनी तोवर जमीन घेतली होती ते तरले. ज्यांच्याकडे केवळ मेंढरे होती त्यांनी ती विकली.

आता कत्तलखान्याच्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या करेन माणसाचा विचार करा. त्याला घरभाडे द्यावे लागते, गाडी ठेवावी लागते, मुलांना सांभाळायला कोणीतरी लागते. त्याचा पगार त्या बास्क मेंढपाळापेक्षा दिसायला कितीही मोठा असो, त्या पगाराला वेत नाही.

माळरान

खांडवा, आपल्या या प्रतिसादाने माझ्या प्रश्नाचा अर्धा भाग सुटला. त्याला जोडून एक गोष्ट लिहितो. आज त्याच कुरणांवर, तशाच गाड्यांत राहून मेंढ्या राखणारे लोक बहुतांशी पेरू देशातून येतात. बास्क येईनासे झाले याला कारणे होती. १९२४ च्या कायद्याने संपूर्ण स्पेनसाठी वर्षाला फक्त १३१ जणांचा कोटा ठेवला. पुढे मेंढपाळांची टंचाई झाली तेव्हा नेवाडाचे सिनेटर पॅट मॅकॅरन यांनी १९५० पासून खास कायदे करवून घेतले आणि काही शे बास्कांना कायमचा प्रवेश मिळाला. १९७० च्या सुमारास खुद्द बास्क प्रदेशातच कारखानदारीमुळे सुबत्ता आली आणि तरुणांना रानात एकटे राहण्याचे कारण उरले नाही. देशातील मेंढ्याही १९४२ मधील ५ कोटी ६० लाखांवरून आज सुमारे ५० लाखांवर आल्या आहेत. पेरूच्या मेंढपाळाला मात्र तात्पुरत्या शेतमजुराचा व्हिसा मिळतो. त्या व्हिसावर तो कितीही वर्षे आला तरी नागरिकत्वाकडे जाण्याची वाट त्यातून निघत नाही, आणि २०१५ च्या आधी बहुतेक राज्यांत त्याचा किमान पगार महिन्याला ७५० डॉलर होता. काम तेच, गवत तेच, एकटेपणही तेच. आणि तरीही त्याचा मुलगा नेवाडाचा राज्यपाल होण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तो मुलगा येथे नाहीच.

म्हणून समाजाच्या गुणांवरून समाजाची सांपत्तिक स्थिती सांगू पाहणाऱ्या प्रत्येक विधानाची मला धास्ती वाटते. या बाबतीत निर्वासित म्हणून आलेल्या करेन आणि चिन लोकांची स्थिती पेरूच्या मेंढपाळापेक्षा बरी आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांना कायद्यानुसार एका वर्षानंतर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो आणि पाच वर्षांनंतर नागरिक होता येते.

विवेकी

धागाकर्त्यांच्या मताचा आदर राखून थोडा विरोध नोंदवतो. सगळे श्रेय कायद्याला आणि कुरणाला दिले की माणसांनी स्वतः उभ्या केलेल्या गोष्टी दुर्लक्षित राहतात. बास्कांच्या खाणावळी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. एल्को येथील स्टार हॉटेल १९१० चे आहे आणि बेकर्सफील्ड येथील नोरिएगा हॉटेल १८९३ पासून २०२० पर्यंत चालू होते. लांब टेबलावर सर्वांनी एकत्र जेवायचे, हिवाळ्यात काम नसताना तेथेच राहायचे, पत्रे त्याच पत्त्यावर मागवायची. खाणावळीची मालकीण दवाखान्यात दुभाषी म्हणून जाई, मेंढपाळाचा पैसा सांभाळी, नव्याला काम मिळवून देई, बायकांची बाळंतपणे त्याच घरात होत आणि कित्येक लग्नेही तेथेच जमत, कारण स्वयंपाकघरात काम करायला गावाकडून मुली आलेल्या असत. गिरणगावातील खाणावळी किंवा धोबीतलावाच्या गोवेकर खलाशांच्या ‘कुडी’, म्हणजे एकत्र राहण्याच्या जागा, ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. ही पुंजी सरकारने दिलेली नव्हती.

पूर्वरंग

विवेकी यांचा मुद्दा योग्य आहे, आणि तो बर्मी समाजालाही लागू होतो. माझी बहीण इंडियानापोलिसच्या दक्षिण भागात राहते. तेथे चिन लोकांची वस्ती इतकी मोठी आहे की त्या शहराला लोक ‘चिनडियानापोलिस’ म्हणतात. त्यांची संस्था म्हणजे त्यांचे चर्च. चिन लोक बहुतांशी बाप्टिस्ट आहेत आणि प्रत्येक बोलीचे चर्च वेगळे आहे. नवे कुटुंब उतरले की कोणाच्या गोदामात जागा आहे, कोणाच्या गाडीत चौथी जागा रिकामी आहे, कोणत्या शाळेत चिन बोलणारी मदतनीस आहे, हे सगळे तेथे कळते. निर्वासित म्हणून उतरल्यावर मिळणारी प्राथमिक मदत तीन महिन्यांत संपते, त्यामुळे त्यानंतरचा सगळा भार अशाच जागांवर पडतो. बहिणीच्या रस्त्यावर चिन कुटुंबांनी घेतलेली तीन घरे आहेत. प्रत्येक घरात कमावती माणसे चार-चार आहेत आणि कर्जाचे हप्ते सर्वांच्या पगारातून मिळून जातात.

मला दोन्हींत दिसणारा फरक हा की, बास्कांची खाणावळ तरुण, अविवाहित पुरुषांसाठी होती. म्हातारे आईवडील आणि लहान मुले मागे गावात होती. निर्वासित मात्र आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे एकदम येतात. त्यामुळे एका कमावत्यामागे खाणारी तोंडे पहिल्याच दिवसापासून जास्त असतात. उत्पन्न, दारिद्र्यरेषा, दरडोई खर्च, सगळ्यांवर याचा परिणाम होतो. आणि बास्क माणसाला परत जाण्याची मोकळीक होती, कित्येक जण दहा वर्षे राबून गावी जमीन घ्यायला परत गेलेही. करेन माणसाला ती मोकळीक कधीच नव्हती, आणि फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर तर तो विचारच मिटला.

मोजपट्टी

आणखी एक घटक राहून जातो, तो कातडीच्या रंगाचा. बास्कांना सुरुवातीला येथे कोणी मानाने वागवले नाही. १९०९ साली आयडाहोतील कॉल्डवेल गावच्या एका वृत्तपत्राने बास्क मेंढपाळांच्या राहणीची तुलना चिनी लोकांच्या राहणीशी केली आणि त्यांना घाणेरडे ठरवले. त्या काळी चिनी माणसाशी तुलना ही शिवी होती आणि चिनी मजुरांना १८८२ पासून देशात येण्याचीच बंदी होती. पण बास्क कायद्याच्या दृष्टीने गोरे होते. त्यांना नागरिक होता आले, मतदान करता आले, आणि त्यांची मुले शाळेत गेल्यावर नावाखेरीज वेगळी ओळखू येईनाशी झाली. ज्या कायद्याने स्पेनचा कोटा १३१ वर आणला, त्याच १९२४ च्या कायद्याने जवळजवळ सगळ्या आशियासाठी दार पूर्ण बंद केले. हेच दार पुन्हा बंद होताना आपण पाहत आहोत: जून २०२५ मध्ये म्यानमारच्या नागरिकांना अमेरिकेत येण्यास जी बंदी घातली गेली, तिने मागे राहिलेल्या नातेवाइकांना बोलावण्याची आशाच गोठवली. समाज नुसत्या पैशाने स्थिरावत नाही, त्याला मागून येणारी माणसेही लागतात.

रत्नांग्रीकर

मी अमेरिकेत कधी गेलेलो नाही, परंतु हा धागा वाचताना जवळचा वाटला. आम्ही थिबा राजवाड्याजवळ वाढलो. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशचा राजा थिबा याला पदच्युत केले, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच वारला. त्याच्या थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू रत्नागिरीतच राहिली, येथल्याच माणसाशी तिने संसार केला आणि तो गरिबीत केला. तिला राजवंशाचा काही उपयोग झाला नाही; तिच्याकडे ना जमीन होती, ना परतीची वाट. दुसरीकडे जुन्या गोव्यात ज्यांचे शव ठेवले आहे ते संत फ्रान्सिस झेवियर नवारातील बास्क होते, याची आठवणही या धाग्यामुळे झाली. मला विचारायचे आहे ते एवढेच की, बॉयसीतील बास्क लोकांना या नव्या लोकांविषयी काही वाटते का?

माळरान

रत्नांग्रीकर, आपल्या प्रश्नाचे उत्तर मी पाहिलेल्या एका प्रसंगातून देतो.

परवाच्या शनिवारी वर्गातील चौघांना घेऊन मी ग्रोव्ह स्ट्रीटवरील त्या विटांच्या घरात गेलो. पत्र घेऊन आलेले करेन गृहस्थही होते. घर दाखवणाऱ्या आजी बास्क होत्या आणि त्यांची आई अशाच एका खाणावळीत स्वयंपाक करायला म्हणून सतराव्या वर्षी आली होती. वरच्या मजल्यावरील खोली पाहून करेन गृहस्थांनी येथे किती माणसे झोपत असत, असे विचारले. आजींनी सांगितलेला आकडा ऐकून ते म्हणाले की, आमच्या पहिल्या घरातही तेवढीच होती. मग स्वयंपाकघरात लोखंडी चुलीपाशी बराच वेळ उभे राहून त्यांनी विचारले की, मेंढपाळांचे पैसे कोण सांभाळत असे? मालकीण सांभाळायची, अडीनडीला उसनेही द्यायची आणि वहीत लिहून ठेवायची, असे आजी म्हणाल्या. त्यावर त्या गृहस्थांनी आपल्या चर्चमधील भिशी समजावून सांगितली. बारा कुटुंबे, दर महिन्याला ठरावीक रक्कम, आणि ज्याच्या घरी गाडी नाही त्याचा नंबर आधी. त्यांची गाडी तशीच आली होती आणि तिकिटांच्या कर्जाचे शेवटचे दोन हप्तेही ते तसेच फेडणार आहेत. आजींनी वही कोण लिहिते असे विचारले, तर ते म्हणाले, माझी बायको.